सात नंबरचा माणूस

“मॅडम, तुमचा सात नंबर बाई निघाला.”

सबनीसांचा फोन चिमूरच्या एसटीडी बूथवरून होता. मी नुकतीच कोर्टातून येऊन खुर्चीत बसले होते.

“बाई निघाला म्हणजे?”

“म्हणजे कॉन्ट्रॅक्टर नंबर सात. रामदास कुमरे, वय बेचाळीस, फोटोत मिशी. आज आम्ही न कळवता त्याच्या प्लॉटवर गेलो. तिथे एक बाई बांबू मोजत होती. रामदास महिनाभर आंध्रात आहे, मिरची तोडतोय. आणि या महिन्यातले त्याच्या सहीचे बावीस कागद माझ्या फायलीत आहेत.”

मी समोरच्या कागदावर ‘सात’ लिहून खाली रेघ ओढली.

“मी पोलिसांत तक्रार देतोय. खोटी सही आणि फसवणूक. ड्राफ्ट तयार आहे. तुम्हाला आधी कळवलं, कारण कॉन्ट्रॅक्टरच्या प्रत्येक करारावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे.”

“तक्रार कुणाच्या नावानं?”

“रामदास आणि ती बाई. त्याची बायको आहे म्हणे.”

“उद्या संध्याकाळपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “मी सकाळच्या गाडीनं येते.”

“मॅडम, हेड ऑफिसचा मार्कु इथेच आहे. त्याला मी काय सांगू?”

“वकील येऊन राह्यली म्हणून सांगा.”

मी फोन ठेवला. रामदास कुमरे आणि त्याची बायको या दोघांना मी ओळखत होते. त्यांच्या घरी जेवले होते. त्या दोघांना चिमूरच्या ठाण्यात बसवलं तर पुढे काय होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जंगलाच्या गावात एकदा फसवणुकीचा शिक्का बसला की वनखात्याच्या कामापासून तेंदूच्या फडीपर्यंत सगळी दारं बंद होतात.

आता थोडं मागचं सांगते.

मी चंद्रपूरच्या कामगार न्यायालयात वकिली करते. तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. त्या पंधरा वर्षांत मी एकच गोष्ट वेगवेगळ्या तोंडांनी कोर्टाला सांगत आले होते: मालक ज्याला ‘ठेकेदार’ म्हणतो, तो खरं म्हणजे त्याचा नोकर आहे. नोकर म्हटलं की पीएफ द्यावा लागतो, रजा द्यावी लागते, काढताना नोटीस द्यावी लागते. ठेकेदार म्हटलं की यातलं काहीच नाही. त्यामुळे बऱ्याच मालकांना एका रात्रीत नोकरांचे ठेकेदार करायची हौस असते आणि ती हौस जिरवणं हे माझं काम होतं.

त्यामुळे दोन हजार चारच्या सुमाराला फिनलंडची एक कंपनी माझ्याकडे आली, तेव्हा मला हसूच आलं. त्यांना खरोखरचे ठेकेदार नेमायचे होते आणि कागद पक्का करून हवा होता. त्यांची भाषा ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ अशी. कंपनी जंगलं मोजायची. उपग्रहाच्या फोटोत जंगल हिरवं दिसतं, पण त्या हिरव्यात यंदाचा बांबू किती, जुना किती आणि वाळलेला किती, हे वरून कळत नाही. ते जमिनीवर उभं राहून मोजावं लागतं. वनखात्याची परवानगी त्यांच्याकडे होती. भारतात ऑफिस नव्हतं आणि उघडायची तयारीही नव्हती. पुण्याचे सबनीस त्यांच्या वतीनं सगळं बघत. त्यांना प्लॉटमागे, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यामागे, मोबदला घेणारी, बांबू ओळखणारी माणसं हवी होती. चिमूरकडच्या जंगलातलं एक गाव त्यांनी निवडलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही.

इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर म्हणजे काय, हे गावाला समजावणं सगळ्यात सोपं गेलं. आमच्याकडे त्याला चांगला जुना शब्द आहे, गुत्ता. धानाच्या रोवण्याचा गुत्ता घेतात, विहीर खोदायचा गुत्ता घेतात. रोजीवरच्या माणसाला मालक कधी आला, कधी गेला, बिडीला किती वेळ बसला, सगळं विचारतो. गुत्त्यात फक्त काम झालं का, एवढंच विचारायचं. मोहाच्या झाडाखाली बैठक झाली, तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, “साहेब फिनलंडचा असो की चंद्रपूरचा, हा गुत्ता हाये. कोन आला, कोन नाई आला, हे कोनी पायनार नाई. काम पायतील.”

माना डोलल्या. चौदा जणांनी करार केले. प्रत्येकाला नंबर, फोटो लावलेलं कार्ड, मोजायची टेप आणि छापील तक्ते मिळाले.

पैसे देण्याची गंमत वेगळीच होती. हेड ऑफिसचा नियम असा की कॉन्ट्रॅक्टरनं ‘इनव्हॉइस’ पाठवल्याशिवाय पैसे निघणार नाहीत. इनव्हॉइस म्हणजे बिल. रामदास कुमरेनं हेलसिंकीला बिल पाठवायचं. मी एका पानाचा छापील नमुना करून दिला: माझा नंबर अमुक, मी तमुक प्लॉट मोजले, माझे पैसे माझ्या खात्यात जमा करावे. चौदाही जणांची चिमूरला बँकेत खाती उघडली. मॅनेजरनं मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, हे फिनलंड नक्की कुठी आलं?” पहिले पैसे जमा झाले त्या दिवशी त्यानं स्वतः चहा मागवला.

म्हणजे सगळं झकास चाललं होतं. मला त्या कामाचा फार अभिमान वाटत होता. बाररूममध्ये मी सातासमुद्रापारच्या अशिलाचा विषय गरजेपेक्षा जास्त वेळा काढत असे, हेही कबूल करते.

तर फोनच्या दुसऱ्या दिवशी वरोऱ्यामार्गे चिमूरला उतरले. गाडीत कराराची प्रत उघडली आणि भद्रावती यायच्या आतच मला माझी चूक सापडली. नववं कलम. ‘सदर काम कॉन्ट्रॅक्टर स्वतः जातीने करील.’ मराठी भाषांतर माझंच होतं. बैठकीत मी आठ कलमं नीट वाचून दाखवली होती. मग शेवटची एसटी चुकेल म्हणून उरलेल्या चार कलमांना “बाकी नेहमीचंच हाये” म्हणून सह्या घेतल्या होत्या. कामगारांना न वाचता सह्या करू नका म्हणून मी पंधरा वर्षं ओरडत होते. आणि त्या चौदा जणांकडून न वाचता सह्या कुणी घेतल्या, तर मी. मला स्वतःची फार लाज वाटली.

स्टँडवर सबनीस जीप घेऊन उभे होते. शेजारी मार्कु. कंपनीचा तपासनीस, साडेसहा फूट उंच, उन्हानं लाल झालेला. तो फार कमी बोलायचा.

गावात पोचलो तर किसनभाऊ मडावी वाटेतल्या त्या मोहाखालीच बसले होते. गावातले जाणते, कॉन्ट्रॅक्टर नंबर एक. आदल्या दिवशी काय झालं ते त्यांना ठाऊक होतं, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. राग होता.

“वकीलबाई, या मोहाखालीच सांगतलं ना तुमी? कोन आला, कोन नाई आला, हे पायनार नाई म्हनून? मंग आता हे मानसं काऊन मोजून राह्यले?”

“भाऊ, कागदावर एक कलम हाये. मी ते वाचून दाखवलं नाई. माही चूक हाये.”

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. वकील चूक कबूल करतो, हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते सरकून बसले आणि मला जागा करून दिली.

जनाबाई कुमरे आली. पस्तिशीची, सडसडीत, सातवी शिकलेली. हातात तिचा तक्त्यांचा गठ्ठा, प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधलेला.

“जनाबाई, कधीपासून मोजून राह्यली तू?” मी विचारलं.

“हे मिरचीले गेले तवापासून. जायच्या आंधी मले दोन दिस संग नेलं अना सारं दाखवलं. काम त बंद ठेवता येत नाई ना बाई. गुत्ता घेतला हाये.”

“मंग सही करताना रामदासचं नाव काऊन लिवलं?”

तिला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. “कार्ड त्याहिच्या नावाचं हाये ना? मी माहं नाव लिवलं असतं त पुन्याचे साहेब म्हनले असते, ही कोन? तेंदूच्या कार्डावर बी त्याहिचंच नाव रायते. पुडे मी बांधते, सासू बांधते. मुनशी कधी इचारते का कोनं बांधले? घराचे पुडे, घराचं कार्ड.”

इथे तेंदूचं दोन ओळींत सांगायला हवं. उन्हाळ्यात बिडीसाठी तेंदूची पानं तोडतात, त्यांचे पुडे बांधतात आणि फडीवर मुनशी ते मोजून घेतो. प्रत्येक घराचं एक कार्ड. त्यावर घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव. पुडे सगळं घर बांधतं, नोंद एका नावावर होते, आणि यात कुणी कुणाला फसवत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. आम्ही फोटो लावलेलं कार्ड दिलं आणि गावानं ते तेंदूच्या कार्डासारखं वापरलं.

“बाकीच्या घरी?” मी किसनभाऊंना विचारलं.

“चौदामंदी नऊ घरी असंच हाये. माह्याच घरी पोरगा जाते दोन दिसाआड. लपवून कायले ठेवू?”

मी हे सबनीसांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे नऊ तक्रारी. आणि हा सगळा डेटा कचऱ्यात. मॅडम, कोणी मोजलं हेच माहीत नसेल, तर त्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?”

माणूस वाईट नव्हता. त्याला वर उत्तर द्यायचं होतं. आणि प्रश्न बरोबर होता.

“मोजून बघू,” मार्कु इंग्रजीत म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

त्यानं सात नंबरच्या बावीस तक्त्यांतून पाच काढले. जुने आकडे त्यानं स्वतःजवळ ठेवले आणि जनाबाईला कोरे तक्ते दिले. आम्ही जंगलात गेलो.

मी वकील आहे. मला साग आणि ऐन यांच्यापलीकडे झाड ओळखता येत नाही. पण त्या दिवशी जनाबाईच्या मागे फिरताना मला एखाद्या चांगल्या सर्जनचं ऑपरेशन बघितल्यासारखं वाटलं. बांबूच्या बेटाला ती एक फेरी मारायची, मग हात घालायची. नुसतं बघून नाही. बोटं फिरवून. “हा यंदाचा. हा गेल्या सालचा. हा जुना. हा मेलेला.” खोडाशी चिकटलेलं सालपट, पेरावरची पांढरी पूड, रंग, सगळं दोन क्षणांत तिच्या हाताला कळत होतं. लिहिताना ओठ हलायचे.

तक्त्यात प्लॉटमधल्या झाडांचा घेरही लिहायचा असतो आणि तो जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटरवर मोजायचा असतो. साहेब लोक अंदाजानं छातीच्या उंचीवर टेप धरतात. मार्कुची छाती कुठे आणि जनाबाईची कुठे. तिच्याकडे एक काठी होती, त्या मापाला तोडलेली. आधी काठी झाडाला लावायची, मग टेप.

“ही कोणी केली?” मार्कुनं विचारलं. सबनीसांनी मराठी केलं.

“माह्या घरच्यानं. ते बी वापरत, मी बी वापरते, सासू आली त तिले बी हेच. मानूस उंच असो का ठेंगना, काठी तेवढीच रायते.”

मार्कुनं ती काठी हातात घेतली. आपल्या टेपनं मोजली. परत दिली. मग त्यानं वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

चार प्लॉटचे आकडे जुन्या तक्त्यांशी तंतोतंत जुळले. पाचव्यात घोटाळा निघाला. जुन्या तक्त्यात एका बेटात यंदाचे एकतीस बांबू होते, आता एकोणतीस भरले.

सबनीस माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर ‘बघा’ लिहिलेलं होतं.

जनाबाईनं पुन्हा मोजले. एकोणतीस. मग ती बेटाच्या मागे गेली, खाली वाकून पाचोळा बाजूला केला आणि आम्हाला बोलावलं. दोन ताजे खुंट होते. विळ्यानं तोडलेले.

“मी मोजले तवा हे उभे होते. मंग कोनी नेले. कोनं नेले ते मले मालूम हाये, पन सांगनार नाई.”

सबनीसांनी ते इंग्रजीत सांगितलं. मार्कु पहिल्यांदा हसला. त्यानं वाकून दोन्ही खुंटांना हात लावून बघितला, मग तक्त्यावर लिहिलं: एकोणतीस अधिक दोन. माझी छाती अशी फुगली की जणू ते बांबू मीच मोजले होते.

दुपारी आम्ही मोहाखाली परत आलो. गाव जमलं होतं. सबनीसांनी फायलीतून तक्रारीचा ड्राफ्ट काढून मांडीवर ठेवला.

“आकडे बरोबर आहेत, मान्य,” ते म्हणाले. “बाई हुशार आहे, मान्य. पण करारात लिहिलंय की काम स्वतः करायचं. ते मोडलं. वर दुसऱ्याच्या नावानं सही. हेड ऑफिसला मी हे कसं समजावू?”

“सबनीससाहेब, तुमची कंपनी नोकर ठेवते की ठेकेदार?”

“ठेकेदार. तुम्हीच करार केलात.”

“मग ऐका. माणूस नोकर की ठेकेदार, हे कोर्ट बऱ्याच गोष्टी बघून ठरवतं. त्यातले तीन प्रश्न मी नेहमी आधी विचारते. हजेरी कोण घेतं? काम कसं करायचं ते कोण ठरवतं? आणि आज जमत नसेल तर आपल्या जागी दुसरा माणूस पाठवता येतो का?”

हा तिसरा प्रश्न मी पुस्तकात शिकले नव्हते. माझे वडील मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये पोती उचलायचे. मिलच्या वहीत त्यांना ठेकेदार लिहिलेलं होतं. एकदा त्यांना ताप आला म्हणून त्यांनी माझ्या काकाला पाठवलं. काका वडिलांपेक्षा तगडा. मुनीमानं त्याला फाटकातून परत पाठवलं आणि वडिलांचे दोन दिवस कापले. मी तेव्हा आठवीत होते. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पुस्तकं होती, पण वडील खरे कोण, ठेकेदार की नोकर, हे सांगणारं कोणी नव्हतं. ते मला लॉ कॉलेजमध्ये कळलं. खरा ठेकेदार असता तर काकाला परत पाठवलं नसतं.

“ज्याला बदली पाठवता येतो तो ठेकेदार,” मी म्हटलं. “ज्याला स्वतःच यावं लागतं, त्याच्याकडे नोकर म्हणून बघायला कोर्टाला आयतं कारण मिळतं. रामदासनं बायको पाठवली. तुम्ही त्याला फसवणूक म्हणता. मी म्हणते, तो खरा ठेकेदार आहे याचा याहून चांगला पुरावा तुम्हाला मिळणार नाही. आणि तुम्ही नववं कलम धरून बसलात, तर मी उद्या या चौदा जणांचं वकीलपत्र घेते. त्यांना तुमचे नोकर ठरवायला मी जिवाचं रान करीन. पंधरा वर्षं मी तेच करत आले आहे. मला त्याची सवय आहे.”

सबनीस ताठ बसले. “मॅडम, तुम्ही आमच्या वकील आहात.”

“म्हणूनच आधी तुम्हाला सांगून राह्यली. कोर्टात नाई सांगितलं.”

रागात माझी भाषा मूलकडची होते. समोर बसलेल्या गावकऱ्यांत हसू पसरलं.

सबनीसांनी सगळं मार्कुला सांगितलं. त्यानं कराराची इंग्रजी प्रत मागून नववं कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाला, “आमच्या देशातही साधारण हेच बघतात. मग आमच्या लोकांनी नववं कलम का घातलं?”

“ते त्यांना विचारा. कुठल्यातरी नोकरीच्या करारातून उचललं असेल. मी ते वाचून न दाखवता पुढे सरकवलं, तो भाग माझा. चूक तुमची आणि माझी. ठाण्यात हिनं का बसायचं? चोर सोडून संन्याशाला सुळी हा आमच्याकडचा जुना न्याय आहे, तुम्ही तो आयात करू नका.”

“आणि सही?” सबनीसांनी विचारलं.

सही हा खरा अडचणीचा भाग होता आणि तो मी लपवला नाही. फसवायच्या हेतूनं दुसऱ्याचं नाव लिहिणं हा गुन्हा आहे. सांगण्यावरून, घराच्या कामात, कुणाला न फसवता लिहिणं वेगळं. पण ते ‘सांगण्यावरून’ कुठेतरी कागदावर हवं होतं. आणि ज्यानं सांगितलं तो आंध्रात मिरचीच्या शेतात होता.

“रामदासचं पत्र आलं तर?” मी विचारलं.

“उद्या दुपारपर्यंत,” मार्कु म्हणाला.

मिरचीवर गेलेल्या टोळीचा मुकादम किसनभाऊंचा मेहुणा होता. तिकडच्या गावातल्या बूथचा नंबर त्यांनी घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. चिमूरहून तीन वेळा फोन लावला तेव्हा निरोप पोचला. काय लिहायचं ते मी सांगितलं. रामदास ऐकून म्हणे एवढंच बोलला, “मोजनीत काई गलती निघाली का?”

दुसऱ्या दिवशी अकराला चिमूरच्या बूथवर फॅक्स आला. ‘मी रामदास कुमरे लिहून देतो की माझ्या गैरहजेरीत माझी पत्नी जनाबाई हिने माझ्या सांगण्यावरून मोजणी केली व तक्त्यांवर सह्या केल्या. ते सर्व मला मान्य आहे.’ अक्षर मुकादमाचं होतं. खाली रामदासची स्वतःची सही. सबनीसांनी ती बावीस कागदांशेजारी ठेवून बघितली आणि त्यांना हसू आवरेना. बायकोनं केलेली रामदासची सही खुद्द रामदासच्या सहीपेक्षा कितीतरी सुबक होती.

“बाकीच्या आठ घरांची अशीच पत्रं मी काल गावातच लिहून घेतली. साहेब, आता बोला,” मी म्हटलं.

त्यांनी तक्रारीचा ड्राफ्ट फायलीतून काढला, चार तुकडे केले आणि खिशात घातले. “हेलसिंकीला मी लिहितो,” ते म्हणाले. आणि लिहिलंही चांगलं. त्याची प्रत मी अजून जपून ठेवली आहे. मार्कुनं त्याला जोडलेल्या टिपणात एक ओळ होती: ‘सात नंबरची मोजणी मी तपासलेल्या सगळ्या नंबरांत उत्तम आहे. सात नंबर हे एक कुटुंब आहे.’

पंधरा दिवसांनी नवे करार तयार झाले. कॉन्ट्रॅक्टर म्हणून आता घर होतं. नवरा आणि बायको दोघांची नावं, दोघांचे फोटो, बँकेत दोघांचं खातं. नववं कलम काढून तिथे लिहिलं की घरातलं कोणीही जाणतं माणूस काम करू शकेल, फक्त ज्यानं मोजलं त्यानं आपल्या नावानं सही करायची. हेड ऑफिसनं हाच नमुना पुढे दुसऱ्या जिल्ह्यांत वापरला. चंद्रपूरच्या एका वकिलीणबाईनं लिहिलेलं कलम सातासमुद्रापार मंजूर होऊन आलं, याचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

सह्यांच्या दिवशी मी मोहाखाली बसून बाराच्या बारा कलमं मोठ्यानं वाचली. शेवटची एसटी गेली तर गेली असं घरी सांगूनच आले होते. वाचून झालं, शंका विचारल्या, कुणाला नव्हत्या. मी पेन पुढे केलं.

जनाबाईनं पेन घेतलं नाही. कागद घेतला. बोट ठेवून पहिल्या ओळीपासून स्वतः वाचायला लागली. सगळे थांबले. मला थोडा रागच आला, आता मी एवढं वाचलं ते काय झालं म्हणून. सहाव्या कलमावर तिचं बोट थांबलं.

“बाई, हे काय हाये? सकाळी नऊ ते सायंकाळी पाच कामावर हजर रायतील म्हनून?”

मी कागद ओढून घेतला. होतं. जुन्या करारातून तसंच उतरलेलं. मी ते भाषांतरात लिहिलं होतं, पहिल्या बैठकीत मोठ्यानं वाचलं होतं, आत्ताही मोठ्यानं वाचलं होतं, आणि तिन्ही वेळा मला ते दिसलं नव्हतं.

“गुत्त्यात नऊ ते पाच कायचं?” जनाबाई म्हणाली. “ऊन चढाच्या आंधी बांबू मोजाव लागते. आमी सहाले जातो. हे काढा.”

मी ते कलम खोडलं, शेजारी माझी सही केली आणि कागद तिला परत दिला. तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग खाली आपलं नाव लिहिलं, जनाबाई रामदास कुमरे, सावकाश आणि सुबक.

तेव्हापासून कुठलाही करार मी आधी वाचून दाखवते आणि मग ज्याला तो पाळायचा आहे त्याच्या हातात देऊन गप्प बसते. वाचता येत नसेल तर त्याच्या घरात कोणाला येतं ते विचारते. वेळ लागतो आणि एसटी चुकते. पण वकिलाच्या नजरेतून जे सुटतं, ते राबणाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही.